क्लॅप धरणारा माणूस

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं ते जिना धुण्याचं. आमच्या इमारतीत पाळी असायची. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला मालकीण एक पुठ्ठा लटकवून जायची आणि शनिवारी त्यानं तिसऱ्या मजल्यापासून तळघराच्या दारापर्यंत जिना पुसायचा. त्या शनिवारी आमची पाळी होती. बायको पायरीवर बसून फडकं मारत एकेक पायरी खाली येत होती आणि मी बादली धरून तिच्या खालच्या पायरीवर. पिळायचं काम माझं, कारण गार पाण्यात तिची बोटं आखडायची.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर म्हणाली, "उद्या दुपारी मी लुडविग्सहाफेनला जाते. त्या बाईला सांगून येते. तुम्ही येऊ नका."

"काय सांगणार?"

"जे झालं ते. धुतलं म्हणून सांगणार. कोणी धुतलं असं तिनं विचारलं तर तेही सांगणार."

मी फडकं पिळून तिच्या हातात दिलं.

"पाणी बदला की," ती म्हणाली, "काळं झालंय."

मी खाली जाऊन पाणी बदलून आणलं. रविवारी सकाळी ती गेली.

आता हे मुळापासून सांगतो, नाहीतर काय धुतलं आणि कोणाला सांगायचं होतं ते कळायचं नाही. मी चौथी पास. पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही. नावं कोणाचीच लिहिणार नाही, बायकोचंही नाही. तिला आवडलं नसतं.

मी कोल्हापूरला आणि नंतर मुंबईला सिनेमाच्या लॅबमध्ये फिल्म धुण्याच्या खात्यात होतो. पंचावन्नच्या आसपास कंपनीनं मला रंगीत फिल्मचं मशीन शिकायला वर्षभरासाठी जर्मनीला पाठवलं. वर्ष संपायच्या आत तिकडे कंपनीच बसली. इथल्या लॅबच्या मालकानं विचारलं, राहतोस का? राहिलो. पुढच्या वर्षी बायको बोटीनं आली. नेसूवर ओव्हरकोट, पायात माझे लोकरी मोजे, आणि हातात पितळी डबा, कारण इथं डबे मिळतात यावर तिचा विश्वास नव्हता.

गाव राइनच्या काठी, लुडविग्सहाफेनपासून रेल्वेनं अर्धा तास. वारा तिकडून असला की केमिकल कारखान्याचा वास यायचा. लोक नाकं मुरडायचे. आम्हाला दोघांना तो वास घरचा वाटायचा, कारण लॅबचाही वास तसलाच. बायको सहा महिन्यांत माझ्यापेक्षा चांगलं जर्मन बोलायला लागली. तिलाही लॅबमध्ये लावून घेतलं, वरच्या मजल्यावर, फिल्म तपासायच्या टेबलावर.

ही गोष्ट साठ सालानंतरची. जुनी फिल्म पेटते हे सगळ्यांना माहीत असेलच. तिला नुसतं ऊनही पुरतं. तर इथं कायदा झाला की असली फिल्म साठवून ठेवायची नाही. त्यामुळे कुठल्या कुठल्या तळघरांतून जुने पत्र्याचे डबे आमच्याकडे यायला लागले. चांगला सिनेमा असेल तर नव्या फिल्मवर उतरवून घ्यायचा. सिनेमात न घेतलेले तुकडे असतील, म्हणजे कापून टाकलेलं उरलंसुरलं, तर ते थेट माझ्याकडे.

माझी शेड अंगणाच्या पलीकडे, एकटी, आग लागली तर मी एकटाच जळावा म्हणून. तिथं गरम सोड्याच्या पाण्याची टाकी होती. फिल्म आत सोडली की दहा मिनिटांत चित्राचा थर सुटायचा, दुधावरची साय काठीला लागून येते तसा. नखाएवढी माणसं पाण्यावर यायची. बायका, टोप्या घातलेले पुरुष, घोडे. घटकाभर तरंगायची आणि मोडायची. खाली काळा गाळ बसायचा, त्यातून चांदी काढायला तो दुसरीकडे जायचा. धुतलेली फिल्म काचेसारखी स्वच्छ, ती रंगाच्या कारखान्याला. आठ तास हेच काम. पहिले काही दिवस मी त्या चेहऱ्यांकडे बघायचो. मग बघणं सोडलं. बघितलं की जेवण जात नसे.

वर बायकोचं काम असं की डबा उघडायचा, खालून दिवा असलेल्या काचेवर फिल्म सरकवायची, भिंग लावून बघायचं आणि ठरवायचं, हे ठेवायचं की खाली धुवायला पाठवायचं. सगळं निगेटिव्ह. निगेटिव्हमध्ये उलटं दिसतं. गोऱ्या माणसाचं तोंड काळं, काळे केस पांढरे, आणि डोळ्यांच्या जागी उजेड. निगेटिव्ह वाचता येणं म्हणजे आमच्या धंद्यातलं अर्धं शिक्षण, आणि ते तिला माझ्यापेक्षा लवकर आलं.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अहो, एक माणूस रोज येतोय."

"कुठं?"

"डब्यात. क्लॅप धरणारा."

सिनेमाचा प्रत्येक तुकडा सुरू होण्याआधी एक माणूस कॅमेऱ्यासमोर पाटी धरतो. तिच्यावर सिनेमाचं नाव, तुकड्याचा नंबर. वरची लाकडी पट्टी आपटतो आणि बाजूला होतो. कॅमेऱ्याच्या हाताखालचा सहायक असतो तो. सिनेमात तो कधी दिसत नाही, कारण तेवढा भाग कापून टाकतात. पण आमच्याकडे कापून टाकलेलंच यायचं. त्यामुळे नट-नट्या राहिल्या बाजूला, तिला दिसायचा हा.

"असेल," मी म्हणालो. "एकाच स्टुडिओचे डबे आलेत."

"मोठा होतोय तो," ती म्हणाली. "आधीच्या डब्यांत कॉलर मोठी होती, गळा बारीक. आता कोट अंगाला बसतोय. कालच्या डब्यात बोटात अंगठी आली."

"लग्न झालं असेल."

"व्हय. मला कळवलं नाही." आणि हसली.

मी एक-दोनदा मधल्या सुट्टीत वर जाऊन बघितला. उंच माणूस. पाटी दोन्ही हातांनी धरलेली, कानामागे खडू. बाकीचे क्लॅपवाले पाटीकडे बघतात. हा सरळ समोर बघायचा, कॅमेऱ्याच्या आत. म्हणजे आता भिंगात बघणाऱ्याकडे. डोळ्यांच्या जागी ते दोन उजेड. मला बरं वाटलं नाही. मी तिला म्हणालो, "बघत जाऊ नकोस एवढं. खाली पाठवून दे."

"खाली तुम्ही बसलाय ना टाकी घेऊन," ती म्हणाली.

तेव्हापासून तिनं त्याचे तुकडे बाजूला काढायला सुरुवात केली. प्रत्येक डब्यातून बोटभर. पितळी डब्याच्या तळच्या खणात घालून घरी आणायची. मला कळलं तेव्हा वीसेक झाले होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून खिडकीच्या बाहेर, सावलीच्या बाजूला ठेवलेले, गार राहावेत म्हणून.

"अगं, हे पेटतं!" मी ओरडलो. "इमारतीत अकरा बिऱ्हाडं आहेत!"

"म्हणून तर बाहेर ठेवलंय."

"चोरी आहे ही. इथं राहायच्या परवान्यावर शिक्का मारायचा बंद करतील. बोटीत बसवून देतील."

"बसवू देत. त्याला टाकीत घालायला मला होत नाही."

"कोण लागतो तुझा?"

त्या वर्षी सर्वपित्रीला तिनं आमच्या माणसांची पानं वाढली, माझे वडील, तिची आई, आणि एक बशी जास्त. मी विचारलं तर म्हणाली, "त्याची तिथी कुणाला माहीत आहे?"

"जिवंत असला तर?"

"मग आयतं जेवण मिळालं म्हणायचं. बटाट्याची भाजी काय वाईट झालीय?"

कुठल्याच बशीला कावळा शिवला नाही. इथले कावळे परक्याचं खात नाहीत असं मी म्हणालो. तिनं दुपारपर्यंत खिडकीत उभं राहून वाट बघितली.

मग तो डबा आला. त्यात एकाच दिवसाचं काम होतं, सगळ्या पाट्यांवर एकच तारीख. बायकोनं मला मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. "बघा," म्हणाली, "पहिल्यापासून बघा."

मी भिंग लावलं. पहिला तुकडा, तो उभा. दुसरा, तो. चौथा, सहावा, तोच. पण डोळे आता कॅमेऱ्याकडे नव्हते. बाजूला कुठंतरी, दाराकडे असावेत. सातव्या तुकड्यात पाटी खुर्चीवर टेकून ठेवलेली. धरणारा कोणी नाही. नुसती रिकामी जागा, खुर्ची आणि खुर्चीवर पाटी, नंबर लिहिलेला. आठव्यात तसंच. नवव्यात, दहाव्यात तसंच. आणि पाटीवरचं अक्षर बदललेलं, कुणीतरी घाईत लिहिलेलं.

"जेवणाच्या सुट्टीत गेला तो," बायको म्हणाली. "सकाळी होता, दुपारी नाही."

"आजारी पडला असेल."

"पुढचा डबा बघा."

पुढच्या डब्यात पाटी धरायला नवा माणूस होता. वीस-बावीसचा पोरगेला. कान दोन्ही बाजूंना उभे. ते कान मी ओळखले. रोज सकाळी सात वाजता मला ते कान दारात दिसायचे. आमचा माइस्टर, म्हणजे लॅबचा मुकादम.

डब्यांत कामाचे कागदही असायचे, कॅमेऱ्यावाल्यांनी भरलेले. कोण कोण कामाला होतं त्याची नावं. त्या दिवसाच्या कागदावर एका नावावर दुसऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. बायकोनं ती चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून सोडवली. खाली नाव होतं. तिनं ते तीनदा मोठ्यानं म्हटलं आणि शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईला विचारलं, "हे कसलं नाव?"

ती बाई तिथं तीस वर्षं होती. तिनं कागद बघितला, दाराकडे बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाली, "ज्यू नाव. तेहतीस सालच्या वसंतात सगळ्यांना काढलं. कॅमेऱ्यावाले, आवाजवाले, फिल्म जोडणाऱ्या बायका. एकेका ठिकाणी तर एका दुपारी."

"मग?"

"मग आम्हाला जागा मिळाल्या." तिनं टेबलावरची कात्री उचलून दाखवली. "ही त्या बाईची. चांगली आहे. अजून धार लावावी लागत नाही." आणि परत कामाला लागली.

बायकोनं माइस्टरलाही विचारलं. मी सांगत होतो विचारू नकोस. ती म्हणाली, विचारायला काय लागतंय. तो जिन्यात भेटला तेव्हा सरळ नाव घेऊन विचारलं. माइस्टरचा चेहरा काही बदलला नाही. म्हणाला, "हे बघा, मला क्लॅप धर म्हणाले, मी धरला. एकवीस वर्षांचा होतो. आधी कोण धरत होतं हे मी विचारलं नाही."

"खुर्चीवरून उचललात ना पाटी?"

यावर मात्र त्यानं तिच्याकडे बघितलं. आणि वर गेला.

चार दिवसांनी तो माझ्या शेडमध्ये आला. कधी यायचा नाही, त्याला वास सोसायचा नाही. मला तो 'इंडर' म्हणायचा, म्हणजे हिंदुस्थानी. "इंडर," म्हणाला, "वरून निघताना डब्यांचं वजन आणि खाली आल्यावरचं वजन जुळत नाही. कुणीतरी तुकडे नेतंय. पेटणारा माल आहे. मला पोलिसांना कळवावं लागेल. मला ते करायचं नाही. तुलाही ते नको असेल."

"नको," मी म्हणालो.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून गेला.

पुढं मी जे केलं ते कुणी सांगितलं म्हणून केलं नाही. पुढच्या बुधवारी बायको दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. मी दुपारी घरी आलो, खिडकीतला बिस्किटाचा डबा काखोटीला मारला, शेडमध्ये आणला आणि टाकीत ओतला. एकेचाळीस तुकडे होते. बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. एकेचाळीस वेळा तोच माणूस पाण्यावर आला. बारीक गळ्याचा, मग कोटातला, मग अंगठी घातलेला. सगळे वर तोंड करून. टाकीतलं पाणी हलत होतं म्हणून ते माझ्याकडे वळल्यासारखे वाटत होते, असं मी स्वतःला सांगितलं. काठीनं ढवळलं.

मग धुतलेल्या कोऱ्या पट्ट्या मी परत त्याच डब्यात घातल्या. हलवलं तर खुळखुळावं म्हणून. डबा खिडकीत होता तिथं ठेवला. ती तो रोज उघडायची नाही हे मला माहीत होतं. मला वाटलं, यातून आम्ही दोघं सुटलो. त्या माणसाचे डबे संपले होते, ती नवे तुकडे आणत नव्हती, त्यामुळे वजन जुळायला लागलं. माइस्टर मला सकाळी दोन शब्द जास्त बोलायला लागला.

आठ दिवस गेले. गुरुवार होता. मी रिकामे डबे घेऊन अंगणातून चाललो होतो. ऑफिसचं दार उघडं होतं आणि दारात कुणीतरी उभं होतं, मागून ऊन. चेहरा काळा, केस पांढरेशुभ्र. तोच. तेच कपाळ, तोच जबडा, तीच मान जरा पुढं काढलेली. माझ्या हातातले डबे खाली पडले आणि अंगणभर घरंगळत गेले. खोटं सांगत नाही, मला वाटलं टाकीतून उठून आला. आठ दिवस लागले त्याला अंगण ओलांडायला.

आवाज झाला म्हणून त्या माणसानं मान वळवली, उजेड तोंडावर आला आणि ती एक बाई झाली. साठीची, गोरी, पांढऱ्या केसांची. पण वर खिडकीतून बायकोनंही बघितलं होतं. ती जिन्यावरून धावत खाली आली. तिला धावायला डॉक्टरनं मना केलं होतं, वर्षभर दम लागत होता. ती त्या बाईपासून चार हातांवर थांबली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली.

बाई माइस्टरशी बोलत होती. "माझा भाऊ तुमच्या इथल्या सिनेमांवर होता. कॅमेऱ्याचा सहायक. जुने डबे तुमच्याकडे आले असं कळलं. मला काही नको. मला त्याचा चेहरा हवा आहे. कुठं नेलं, कुठल्या गाडीनं, हे सगळं मला कागदावर मिळालं. फोटो एकही राहिला नाही. घरात होतं ते सगळं गेलं."

माइस्टर म्हणाला, "कॅमेऱ्यामागची माणसं फिल्मवर येत नाहीत, बाईसाहेब."

"क्लॅप धरायचा तो."

"ते तुकडे टाकाऊ असतात. धुतले जातात. इथं काही शिल्लक नाही."

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी खाली वाकून डबे गोळा करत होतो. बाईनं मान हलवली. असं उत्तर तिनं बऱ्याच ठिकाणी ऐकलेलं असावं. ती फाटकाकडे निघाली. बायको तिच्या मागं गेली. फाटकाजवळ दोघी बराच वेळ बोलल्या. बाईनं तिचे दोन्ही हात धरले. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून दिलं. बायको परत आली तेव्हा तिचा चेहरा माहेरहून निघताना मी बघितला होता तसा झाला होता, त्यानंतर तसा कधी दिसला नव्हता.

"सोमवारी दुपारच्या गाडीनं जाणार आहे ती, परत, जिथं राहते तिथं," मला म्हणाली. "तोवर लुडविग्सहाफेनला उतरलीय. मी तिला सांगितलं, आहे तो माझ्याकडे. एकेचाळीस वेळा आहे. शनिवार-रविवारी घेऊन येते म्हणाले."

मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, "टाकी तापलीय," आणि शेडमध्ये गेलो.

संध्याकाळी घरी गेलो तर ती खिडकीपाशी उभी. डबा टेबलावर उघडा. एकेक पट्टी उचलून उजेडाकडे धरत होती. पट्टीच्या दोन्ही कडांना भोकांच्या रांगा आणि मधे काही नाही. पलीकडची इमारत दिसत होती आरपार. पुढची उचलली. ती तशीच. सगळ्या बघितल्या तिनं, एकही सोडली नाही. मी दारात बूट घालूनच उभा होतो.

"तुम्ही," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"पोलिसांत देणार होता माइस्टर."

"मग मला का नाही बोललात? मी दुसरीकडे ठेवले असते. मी गिळले असते."

"तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मग परत का भरून ठेवलात? ते कोणासाठी?"

इतकी वर्षं झाली, हा एकच प्रश्न तिनं मला असा विचारला की ज्याला मी काही तरी जुळवूनसुद्धा बोलू शकलो नाही.

मग शुक्रवार. मग शनिवारी तो जिना. रविवारी सकाळी ती आवरून बसली होती, चांगलं जरीचं नेसून, लुडविग्सहाफेनला जायचं म्हणून. एका पायात बूट घातला, दुसरा हातात होता. मी चहा ठेवला होता. वळून बघितलं तर मान खाली. मला वाटलं बुटाची नाडी बघतेय. डॉक्टर आला, म्हणाला हृदय, बऱ्याच दिवसांचं दुखणं. मी त्याला गुरुवारचं काही सांगितलं नाही. त्यानं कागद भरला. दुपारनंतर माणसं येऊन तिला घेऊन गेली. मालकिणीनं सूप आणून दिलं, ते तसंच राहिलं. एक बूट कुठं गेला ते मला सापडत नव्हतं आणि मी तो संध्याकाळपर्यंत शोधत बसलो.

सोमवारी सकाळी दहा कामं होती. नगरपालिकेत नोंद, शवपेटी निवडायला दुकानदार यायचा होता, घरी तार करायची होती. मी लॅबमध्येही कळवलं नाही. तिच्या पाकिटातली चिठ्ठी काढली आणि साडेसातच्या गाडीनं लुडविग्सहाफेनला गेलो. त्या दिवशी कारखान्याचा वास गाडीत शिरला आणि मी उठून खिडकी लावली. याआधी असं केलं नव्हतं.

ती उतरली होती त्या घराच्या खालच्या बाईनं मला वर पाठवलं. त्या बहिणीनं दार उघडलं. तिची बॅग बांधून दाराशी ठेवलेली होती. ती माझ्या मागं जिन्यात बघत होती.

"तुमच्या पत्नी?"

"काल वारली."

ती बाजूला झाली आणि मला आत घेतलं. खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. माझं जर्मन मोडकंतोडकं, टाकीवरच्या कामाचं. त्यात मी सगळं सांगितलं. एकेचाळीस तुकडे होते. बायकोनं जपले. मी धुतले. माइस्टरनं धमकावलं खरं, पण टाकीत माझ्या हातांनी टाकले. कोऱ्या पट्ट्या परत डब्यात भरल्या तेही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती.

तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. परत मागून उजेड, परत काळा चेहरा आणि पांढरे केस. म्हणाली, "तुम्ही त्याला पाहिलंत."

"पाहिलं."

"मग सांगा. मला तो नीट दिसेनासा झालाय. सांगा कसा होता."

मी सांगायला लागलो. "उंच. मान जरा पुढं. कानामागे खडू. केस पांढरे..."

"पांढरे?" ती म्हणाली. "एकतीस वर्षांचा होता तो."

वीस वर्षं निगेटिव्ह वाचणारा माणूस मी, आणि त्या सकाळी मला उलटं सुलटं करता येईना. "काळे," मी म्हणालो. "काळे होते. मी त्याला उलटाच बघितलाय. सुलटा मी त्याला कधी बघितला नाही."

"हो," ती म्हणाली. "काळे होते. पुढं सांगा."

"पाटी दोन्ही हातांनी धरायचा. पाटीकडे बघायचा नाही. सरळ समोर बघायचा."

"कशी धरायचा?"

मी दोन्ही हात छातीपुढं उचलून दाखवले, मधे पाटी असल्यासारखे. ती खिडकीतून पुढं आली, माझ्यासमोर दोन पावलांवर थांबली आणि बघायला लागली.

"अजून वर," ती म्हणाली. "तो तुमच्यापेक्षा उंच होता."

मी हात वर केले.

"अजून."

मी हनुवटीपर्यंत हात नेले आणि सरळ तिच्याकडे बघितलं. ती पुरे म्हणाली नाही. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. माझे खांदे भरून आले, तरी मी हात खाली घेतले नाहीत.